हातातील फोनला घरच्या कामाला लावा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मोबाईलवर भाषण म्हटले की त्याची निंदा ऐकावी लागणार, असे आपणांस वाटत असेल. ती आज मी करणार नाही. प्रत्येक स्मार्टफोनमध्ये एक मदतनीस बसलेला असतो. आपण तोंडाने सांगावे आणि त्याने काम करावे. आपण त्याला फार तर हवामान विचारतो. त्याची खरी गरज ज्यांना आहे, ती माणसे मात्र त्याच्यापासून दूर आहेत आणि ती आपल्याच घरात आहेत.

माझी अम्मी शाळेत गेली नाही. कुराण शरीफ ती अरबीत वाचते, पण मराठी अक्षर तिला लागत नाही. काही वर्षांपूर्वी तिच्या बहिणीच्या इंतकालचा निरोप फोनवर लिहून आला. दुपारभर तो फोन तिच्या उशाशी होता. संध्याकाळी माझा मुलगा शाळेतून आला तेव्हा त्याने तो वाचला. तोवर मय्यत उचलली गेली होती. बहिणीचे शेवटचे तोंड तिला पाहता आले नाही. अम्मी मला काहीही बोलली नाही. पण घरात शिकलेली माणसे असताना हे घडले, याची लाज मला आजही वाटते.

मित्रहो, ही सोय काही नवी नाही. आयफोनमधील सिरी २०११ साली आली, गुगल असिस्टंट २०१६ साली, आणि २०१८ साली ते मराठीतही बोलू लागले. आता अनेक फोनांत जेमिनाय आले आहे, त्यालाही मराठी समजते. उणीव यंत्रात नव्हती. ती शिकविणाऱ्यात होती.

म्हणून अम्मीसाठी मी जे केले ते सांगतो. प्रथम फोनमधील नावे तिच्या तोंडी आहेत तशी लिहिली. ‘मोठी आपा’, ‘दवाखाना’, ‘रिक्षावाला’. इंग्रजीत पूर्ण नाव लिहून ठेवले तर ते तिने कसे उच्चारावे? आता ती ‘मोठ्या आपाला फोन लाव’ एवढेच म्हणते. दुसरे, गोळ्यांच्या वेळांचे गजर तोंडी लावावयास शिकविले. तिसरे, सेटिंगमधील सुलभतेच्या सोयींत पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी सोय असते, ती चालू करून दिली. मजकुरावर बोट ठेवले की फोन तो मोठ्याने वाचतो. वीजबिलाचा संदेश असो की लग्नाचे आमंत्रण, त्यासाठी आता ती नातवाची वाट पाहत नाही.

बोलण्याची रीतही शिकवावी लागते. एका वेळी एकच काम सांगावे. वाक्य लहान असावे. आपली घरची बोली त्याला नीट समजत नाही, तेव्हा साध्या मराठीत सांगावे, नाही जमले तर फोनची भाषा हिंदी करून पाहावी. आपले बोलणे बहुधा इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रांकडे जाते आणि तेथे त्याचा अर्थ लावला जातो. म्हणून नेट नसेल तर बरीचशी कामे अडतात. त्याच कारणाने पिन, पासवर्ड किंवा ओटीपी त्याच्यापुढे उच्चारू नये.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. हा मदतनीस चुकतो, आणि चुकतानाही तितक्याच ठामपणे बोलतो. औषधाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे, दीनी मसला आलिमांना विचारावा, नमाजची वेळ मशिदीच्या वेळापत्रकावरून घ्यावी. बँकेचा क्रमांक त्याला विचारू नये, कारण इंटरनेटवर ठगांनी पेरलेले खोटे क्रमांक असतात. तो पासबुकावरून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्यावा. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० वर कळवावे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही त्याच्याकडून उत्तरे लिहून घेऊ नका. परीक्षेच्या दालनात तो तुमच्याबरोबर येणार नाही. त्याच्याकडून इंग्रजी शब्दाचा उच्चार ऐका, पाढे विचारून घ्या, चाळीस मिनिटांचा गजर लावून अभ्यासाला बसा. उत्तर आधी स्वतः लिहा, मग पडताळून पाहा.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. आई, दादी, नानी यांपैकी एकीजवळ अर्धा तास बसा. फोन तिच्या हातात द्या. तिच्या हातून काढून घेऊन तुम्हीच बटणे दाबू नका. ती चुकेल, चुकू द्या. तुम्हांलाही कोणीतरी असेच हाताला धरून अलिफ-बे शिकविले होते.

शेवटी एक सांगतो. फोनमध्ये बोलून लिहिण्याची सोय आहे. एके दिवशी अम्मीने आपल्या बहिणीचे नाव उच्चारले आणि ते पडद्यावर मराठीत उमटले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने मला विचारले, “यातले पहिले अक्षर कोणते?” त्या दिवसापासून आमच्या घरी रोज एक अक्षर गिरविले जाते. ज्या उम्मतीला पहिला हुकूम वाचनाचा झाला, तिच्या घरात कोणतीही आई अक्षरावाचून राहू नये. फोनचा आवाज ही त्या वाटेवरची पहिली पायरी ठरो, अशी मी दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.