समुद्रकड्यावरचे पक्षी आणि आपण



रविवारची सहल निरुपद्रवीच असते, असे आपण सारे धरून चालतो. इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावरील बेंप्टनच्या कड्यांची कथा मात्र निराळे सांगते. खडूच्या दगडाचे हे कडे सुमारे 100 मीटर उंच. त्यांच्या कपारींत दर वसंतात गिलिमॉट, किटिवेक, पफिन असे समुद्रपक्षी हजारोंनी विणीला येतात. गिलिमॉट तर घरटेही बांधीत नाही. उघड्या खडकावर एकच अंडे घालतो.

1846 साली जवळच्या ब्रिडलिंग्टनला आगगाडी आली आणि सुट्टीची माणसे लोटली. कशाला? नावेत बसून पक्ष्यांवर बंदुका झाडायला! पिसे बायकांच्या टोप्यांवर चढली, पिले कपारींत उपाशी मेली. तेव्हा दर्यावर्द्यांचीही बाजू पुढे आली: धुक्यात या पक्ष्यांचा कलकलाटच कडा जवळ आल्याचे गलबतांना सांगतो. 1869 साली कायदा झाला आणि विणीच्या काळातील शिकारीला बंदी आली. दोरावरून उतरून अंडी काढणे मात्र 1954 च्या कायद्यापर्यंत चालूच होते.

आजही सुट्टीच्या दिवशी तेथे माणसे जातात; पण त्यांच्या गळ्यात दुर्बीण असते. कडा तोच, सहलही तीच. पालटली आहे ती माणसाची नजर.

आपणही येत्या रविवारी पाणवठ्यावर किंवा किनाऱ्यावर जाऊ या. घरट्यापासून दूर उभे राहू, बोलणे आवरू. आपल्या चाहुलीने एकही पक्षी अंड्यावरून उठला नाही, तरच सहल साधली म्हणावे.