वसंतातील फुलबाग : पाहुणे फुलांचे, फायदा पिकाचा



उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी उतरले, की ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात. मी मात्र आज बोलणार आहे आपल्याच बांधावरच्या लहान पाहुण्यांविषयी : मधमाशी, भुंगा, फुलपाखरू आणि इवलासा शिंजीर. हे पाहुणे आले नाहीत, तर तोटा थेट आपल्या पिकात दिसतो.

कलिंगड, खरबूज, काकडी या वेलींचा पराग चिकट असतो, तो वाऱ्याने उडत नाही. मधमाशीने तो मादी फुलावर नेला तरच फळ धरते. माश्यांच्या फेऱ्या कमी पडल्या, तर फळ वेडेवाकडे होते किंवा गळते. त्यात कलिंगडाचे फूल सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते. म्हणजे संधी अर्ध्या दिवसाची. कांदा बीजोत्पादनातही दाणा भरणे माश्यांवरच अवलंबून असते. आंबे बहाराच्या डाळिंबालाही त्यांची मदत होते.

पण माश्या येणार कोठून? नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात उसाचे फड वाढले, बांध अरुंद झाले, बाभळी तुटल्या. उसात माशीला मकरंद मिळत नाही. आपले पीक महिनाभर फुलते. उरलेले अकरा महिने तिने काय खावे? म्हणून पिकाच्या आधी आणि नंतर फुलणारी लहानशी बाग हवी.

तयारी केव्हा?
फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे विहिरी खाली जातात. तेव्हा बी टाकून उपयोग नाही. विहिरीजवळ किंवा ठिबकच्या शेवटच्या नळीवर एक गुंठा जागा राखावी. डिसेंबरच्या सुरुवातीपासून कोथिंबीर, मोहरी, शेपू व सूर्यफूल पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा पेरावे, म्हणजे फुलोरा लांबतो. कडेला गलांडा आणि तुळस लावावी; गलांडा उन्हातही फुलतो. झेंडू घ्यायचा तर एकेरी पाकळ्यांचा घ्यावा. भरगच्च पाकळ्यांचा झेंडू देवाला चांगला, पण त्यात माशीचे तोंड पोहोचत नाही.

कायमची सोय झाडांनी होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधावर शेवगा, करंज, कडुनिंब आणि पडीक जागेत पळस, पांगारा लावावा. पळस-पांगाऱ्याच्या लाल फुलांवर शिंजीर, बुलबुल आणि भोरड्या येतात. भोरड्या ज्वारीला त्रास देतात हे खरे, पण त्या नाकतोडेही फस्त करतात.

निवारा आणि पाणी
काही रानमाश्या जमिनीत घर करतात, तर काळा भुंगा वाळक्या लाकडात. बांधाचा एक पट्टा न नांगरता ठेवावा, एखादे वाळके खोड राहू द्यावे. उथळ परातीत खडे टाकून रोज पाणी भरावे. खड्यांवर बसून माशी बुडत नाही. पिकात पक्षीथांबे उभारावेत. कोतवाल व साळुंकी अळ्या टिपतात. वेडा राघू मात्र उडत्या माश्या पकडतो, म्हणून मधपेटीजवळ थांबा नको. द्राक्षबाग शेजारी असेल तर जाळी लावणे बरे.

फवारणीचे पथ्य
एका हाताने पाहुण्याला बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने विष द्यायचे, असे होऊ नये. इमिडाक्लोप्रिड व थायामेथोक्झाम ही औषधे मधमाश्यांना अतिशय विषारी आहेत. पीक फुलोऱ्यात असताना ती टाळावीत. फवारणी अटळच असेल, तर माश्या घरी परतल्यावर, सूर्यास्तानंतर करावी. फुलबागेवर फवारा उडू देऊ नये. शेजाऱ्याने पेट्या ठेवल्या असतील, तर त्याला आदल्या दिवशी सांगावे.

मधमाशीपालन शिकायचे असेल, तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण मिळते. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करावी.

शेवटी एक सोपा प्रयोग सांगतो. कलिंगड फुलात आले, की सकाळी फुलबागेजवळच्या दहा मादी फुलांवर दहा मिनिटे नजर ठेवा आणि किती माश्या बसल्या ते मोजा. मग शेताच्या दुसऱ्या टोकाला तसेच मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा, तोडणीच्या वेळी तेथील फळे ताडून पाहा. तुमचीच वही तुम्हाला सांगेल, की तो एक गुंठा वाया गेला की कामी आला.