घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे



शिबिरात घोरणाऱ्या कार्यकर्त्याची आपण थट्टा करतो. पण त्याचा श्वास मध्येच थांबतो, हे शेजारी निजलेल्यालाच कळते. तासाभरात पाच किंवा अधिक वेळा श्वास दहा-दहा सेकंद अडखळत असेल, तर तो विकार होय. त्यातून रक्तदाब वाढतो, वाहन चालवताना डुलकी लागते.

काहींना हा त्रास मुख्यतः उताणे झोपल्यावर होतो. निद्राचाचणीत तसे दिसले व विकार सौम्य असला, तर पाठीशी चेंडू बांधून कुशीवर निजणे पुरेसे ठरू शकते. मात्र तो टोचतो म्हणून पुष्कळजण सोडून देतात. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेली सीपॅप पद्धती अधिक परिणामकारक. पण मुखवटा रोज लावला तरच!

म्हणून आधी चाचणी, मग वैद्यकीय सल्ल्याने निवड. कार्यासाठी देह हवा, तर त्याची झोपही जपायला हवी.