बालपणीच्या गोष्टी पुन्हा वाचताना

मनुष्य साठीच्या पलीकडे गेला म्हणजे दोन प्रकारची पुस्तके त्याच्या हाती येऊ लागतात. एक परलोकाची वाट दाखविणारी आणि दुसरी लहानपणी वाचलेली. पहिल्या प्रकारच्या ग्रंथांविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते मालवणच्या आसपासच्या प्राथमिक शाळांत. परंतु मुलांना गोष्टी सांगणे हा ज्याचा जन्मभराचा उद्योग, त्याने दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांविषयी चार शब्द बोलावयास हरकत नसावी.

आमच्या या किनाऱ्यावर गोष्ट पुस्तकाच्या आधी कानांनी येते. जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो आणि पहाटेपर्यंत राम, रावण, कौरव, पांडव आमच्याच बोलीत भांडतात. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी रंगविलेली चित्रे एकामागून एक पुढे मांडून, वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने रामायण-महाभारत सांगत आले. श्रावणात होड्या वर ओढून शाकारलेल्या असत, समुद्र बंद असे, आणि घरोघर श्रीधर कवीचा रामविजय किंवा पांडवप्रताप लागे. हे ग्रंथ अनुक्रमे १७०३ व १७१२ या सालचे. म्हणजे अडीचशे वर्षांनंतरही आमच्या आजीला ते कालच लिहिल्यासारखे वाटत. अशा भरल्या कानांनी आम्ही शाळेत गेलो आणि तेथे छापील गोष्ट भेटली.

छापील गोष्टीचा पहिला मान इसापचा. मराठी छापखान्याच्या अगदी बाल्यावस्थेत, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने इसापच्या गोष्टी मराठीत आल्या. पुढे १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी त्या मुंबईकडील मुलांस दिल्या. आम्ही त्या वाचल्या तेव्हा प्रत्येक गोष्टीखाली ‘तात्पर्य’ असावयाचे, आणि मुले ते तात्पर्य मोठ्या चपळाईने ओलांडून पुढच्या गोष्टीवर उडी मारावयाची. परीक्षेत मात्र तेच विचारीत!

आता लांडगा आणि कोकरू यांची गोष्ट घ्या. पाणी गढूळ केल्याचा आरोप लांडगा करतो. कोकरू म्हणते, मी तर प्रवाहाच्या खालच्या अंगास आहे. मग गेल्या वर्षीच्या शिव्यांचा आरोप येतो. कोकरू म्हणते, गेल्या वर्षी माझा जन्मही नव्हता. मग तुझ्या बापाने दिल्या असतील, असे म्हणून लांडगा त्यास खातो. लहानपणी आम्हांस कोकराची कीव येत असे आणि गोष्ट तेथे संपत असे. या वयात वाचताना मनाला निराळाच प्रश्न पडतो. लांडग्यास भूक होती, दात होते, आणि जवळ कोणी साक्षीदारही नव्हता. मग त्याने आरोप करण्याचे कष्ट का घेतले? अन्याय करणाऱ्यासही न्यायाचे सोंग हवेसे वाटते, ही केवढी मोठी गोष्ट इसापने पाच ओळींत सांगून ठेविली आहे! इसाप हा गुलाम होता असे हिरोडोटस लिहितो. ज्याने मालकांची अशी कारणे रोज ऐकली असतील, त्यासच ही गोष्ट सुचावी.

दुसरे पुस्तक अरबी गोष्टींचे. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणावयास आरंभ केला. पहिला भाग १८६१ साली निघाला, आणि पुढले काम विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले यांनी तडीस नेले. या गोष्टींचा एक गमतीचा इतिहास सांगण्यासारखा आहे. अल्लाउद्दीनचा दिवा आणि अलीबाबाची गुहा यांवाचून आपणांस अरबी गोष्टींची कल्पनाच करता येत नाही. परंतु जुन्या अरबी हस्तलिखितांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. हलब शहरातून आलेल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने १७०९ साली पॅरिसमध्ये त्या तोंडी सांगितल्या, आणि आंत्वान गालां या फ्रेंच पंडिताने त्या आपल्या ग्रंथात घातल्या. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि कीर्ती तिसऱ्याच पुस्तकाची.

आपल्या पंचतंत्राचेही तसेच. सहाव्या शतकात ते इराणात गेले, आठव्या शतकात इब्न अल्‌-मुकफ्फा याने अरबीत उतरविले, आणि आपले करटक व दमनक तिकडे कलीला व दिम्ना होऊन बसले. गोष्टीला परवाना लागत नाही आणि जकातही पडत नाही.

मालवणच्या मुलाला मात्र त्या पुस्तकातील सिंदबादच सर्वांत जवळचा. त्याचा समुद्र आम्हांस नकाशात शोधावा लागत नव्हता. तो शाळेच्या खिडकीतून दिसे. सिंदबादचे खलाशी बेट समजून एका प्रचंड माशाच्या पाठीवर चूल पेटवितात, तो मासा हलतो आणि सारे पाण्यात पडतात. ओहोटीला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे काळे खडक उघडे पडत, तेव्हा यांतील कोणता खडक श्वास घेतो आहे, हे आम्ही किनाऱ्यावर उभे राहून पाहत असू.

तीच गोष्ट अलीकडे वाचली तेव्हा सिंदबादापेक्षा त्याच्या दारातील हमाल अधिक दिसला. उन्हातान्हात ओझे वाहणारा हा गरीब मनुष्य श्रीमंताच्या दाराशी विसाव्यास बसतो, आतले गाणे ऐकतो, आणि देवास म्हणतो की, मी आणि तो दोघेही तुझीच लेकरे, मग इतके अंतर का? सिंदबाद त्यास आत बोलावितो, जेवू घालतो, सात सफरी ऐकवितो आणि दर वेळी शंभर मोहरा देतो. हे वैभव मी कष्टाने मिळविले, हे त्याचे उत्तर. सिंदबाद कृपण नाही, खोटाही नाही. परंतु त्या सात दिवसांत हमालास त्याची हकीकत कोणी विचारीत नाही. कष्ट तर त्यानेही केले होते! पहाटे पाण्यात रांपण ओढणारी आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणारी माणसे ज्याने जन्मभर पाहिली, त्याचा डोळा त्या ठिकाणी अडावयाचाच.

वेताळाची कथा मूळची फार जुनी. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ती आपल्या कथासरित्सागरात गुंफली. आमच्या पिढीस ती ‘चांदोबा’ मासिकाने दिली. मराठी चांदोबा १९५२ साली मद्रासहून निघू लागला, आणि त्यातील शंकर या चित्रकाराचा विक्रम, हाती तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला, आम्हांस स्वप्नात दिसे. प्रत्येक प्रश्नाला राजाने बिनचूक उत्तर द्यावे आणि वेताळाने पुन्हा झाडावर जाऊन लटकावे! आम्हां मुलांस राजाच्या बुद्धीचा केवढा अभिमान वाटे! सोमदेवाकडे अखेरचा प्रश्न नात्याचा आहे. बापाने मुलीशी आणि मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय? राजा मुकाट चालत राहतो. त्यास उत्तर येत नाही, आणि येत नसता तो बनवून सांगत नाही. वेताळ प्रसन्न होतो तो या मौनावर. राजाचा जीव वाचविणारी मसलतही तो त्यानंतरच देतो. शाळेत उत्तर येणाऱ्या मुलाचे कौतुक करण्याची रीत आहे. ‘मला ठाऊक नाही’ असे सरळ सांगणाऱ्या मुलाचेही कौतुक करावे, असे ही गोष्ट सुचविते.

आता सर्वांत लहान गोष्ट, चिमणी आणि कावळा यांची. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे; पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा दार ठोठावतो, आणि चिमणी बाळाच्या न्हाण्याजेवण्याची एकेक सबब सांगत त्यास बाहेर उभा ठेविते. मुले हसतात, कारण सबबींचा ताल मोठा गोड आहे.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले. किती घरांची कौले उडाली, किती माड आडवे झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या रात्री वीज नव्हती, आणि आमच्या माजघरात शेजारची दोन कुटुंबे येऊन राहिली होती. मुले भ्याली होती, म्हणून मी हीच गोष्ट सांगितली. नेहमीच्या ठिकाणी मुले हसली. एक पाच-सहा वर्षांची मुलगी मात्र हसली नाही. तिच्या घरावरचे छप्पर संध्याकाळीच गेले होते. तिने विचारले, “गुर्जी, मगे कावळो खंय गेलो?”

त्या प्रश्नाला छापील पुस्तकात उत्तर नाही. मी तिलाच म्हटले, “तू सांग.” ती थोडा वेळ विचार करून म्हणाली की, तो दुसऱ्या चिमणीकडे गेला. मग त्या दुसऱ्या चिमणीच्या घरात काय काय शिजले, कावळ्यास कोणती चटई मिळाली, हे मुलांनीच एकमेकांस सांगितले, आणि बाहेर वारा घोंघावत असताना ती झोपी गेली.

श्रोतेहो, हल्ली काही सुशिक्षित पालक म्हणतात की जुन्या गोष्टींत क्रौर्य आहे, कपट आहे, सावत्र आयांची निंदा आहे. तेव्हा त्या मुलांस सांगू नयेत, किंवा धुऊनपुसून सांगाव्यात. त्यांची काळजी खोटी नाही. परंतु लांडग्याने कोकरास सोडून दिले, चिमणीने पहिल्या हाकेस दार उघडले, तर मुलाने विचारावे काय? गोष्टीत जे खुपते, त्याच ठिकाणी मुलाचा विवेक जागा होतो. गोष्ट आहे तशी सांगावी, आणि मुलास तिच्याशी भांडू द्यावे; फक्त भांडताना कोणीतरी वडील माणूस जवळ असावे.

यास फार खर्च लागत नाही. गावच्या वाचनालयातून इसापनीती किंवा अरबी गोष्टींचा एखादा भाग आणावा. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास दूरचित्रवाणी व मोबाईल बाजूस ठेवून मोठ्याने वाचावे. मूल मालवणीत बोलत असेल तर मालवणीत बोलू द्यावे. पुस्तकाची मराठी त्यास आपोआप कळू लागते. आणि गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगण्याची घाई करू नये, थोडे थांबावे. मूल काहीतरी विचारील. त्याचे उत्तर आपणांस येत असेल तर द्यावे, आणि येत नसेल तर विक्रम राजाचे स्मरण करावे.