सूर्यनमस्काराचा शिरस्ता

प्रकृती सुधारण्याचा निश्चय आपण बहुधा पाडव्याच्या मुहूर्तावर करतो आणि पहिल्याच पाहुण्याच्या सबबीवर मोडतो. म्हणूनच औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण मला मननीय वाटते. १९०९ साली गादीवर आलेल्या या चित्रकार राजाने आरंभी सँडो या युरोपीय मल्लाच्या पद्धतीने, उपकरणांच्या साहाय्याने, वर्षानुवर्षे व्यायाम केला. परंतु ज्यास तालीमखाना नको, दमडीचा खर्च नको आणि सतरंजीएवढ्या जागेपलीकडे काही नको, अशा सूर्यनमस्काराकडे ते पुढे वळले आणि संस्थानच्या शाळांतूनही त्यांनी त्याचा अंमल सुरू केला. दहा अवस्थांची ही त्यांची पद्धत १९३८ साली इंग्रजी ग्रंथरूपाने विलायतेतही पोहोचली.

एका नमस्कारात पाठीचा कणा आळीपाळीने पुढे व मागे वाकतो, दंडांवर देहाचा भार येतो, पोटऱ्या ताणल्या जातात आणि श्वासास एक नियमित लय लाभते. नवशिक्यांचा उत्साह मात्र संख्येवर असतो (आमच्या आळीतील एका गृहस्थांनी पहिल्याच दिवशी पन्नास घातले आणि आठवडाभर जिना चढताना कठडा सोडला नाही!). प्रातःकाळी, रिकाम्या पोटी, तीन-चार नमस्कार सावकाश घालावेत आणि अंग सरावेल तशी संख्या वाढवावी. पाठीचे दुखणे वा रक्तदाब असलेल्यांनी आधी वैद्यांस विचारावे. सतरंजी रात्रीच उशाशी घडी करून ठेवली, तर पहाटेच्या आळसाला शोधाशोधीचे निमित्त उरत नाही.