टाकीतले बिऱ्हाडकरू

आमच्या मालवणच्या पावसात कविता पुष्कळ सुचतात, पण चूल पेटत नाही. १९८०च्या दशकात काही वर्षं रमजान पावसाळ्यात आला. अम्मा पहाटे सहेरीसाठी उठायची आणि ओल्या लाकडांवर फुंकर घालता घालता खोकायची. दारात गोबरगॅस बसला, तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिलाच झाला.

मी शाळकरी पोर. गोठा लख्ख करण्याच्या हौसेनं एकदा फिनेलची अख्खी बाटली ओतली आणि ते धुवण थेट टाकीत सोडलं. चार दिवसांत निळी ज्योत विझली. गवंडी म्हणाला, “झिला, आतले जीव मारलंस मा रे!”

हे जीव हवेशिवाय जगणारे. काही शेण कुजवतात, काही त्याची आम्लं करतात आणि शेवटचे मिथेन बनवतात. आपण साखरेचा एक रेणू प्राणवायूच्या मदतीनं जाळला, की एटीपीची, म्हणजे ऊर्जेची, तीसेक नाणी पदरात पडतात. यांतल्या पुष्कळांना एका मिथेनमागे एक नाणंही पुरतं मिळत नाही.

मग भागतं कसं? त्यांची विकरं मोठी हिशेबी. पूर्वी विहिरीवर लाट असे. एका टोकाचा दगड खाली आला, की दुसऱ्या टोकाचं भांडं वर येई. यांचं एक विकर तसंच इलेक्ट्रॉनांच्या जोडीतला एक उतारावर सोडतं आणि त्याच्या जोरावर दुसरा चढावर नेतं. जर्मनीत मारबुर्गला रूडोल्फ थाउअर आणि सहकाऱ्यांनी मिथेनजंतूंची ही युक्ती २०११मध्ये दाखवून दिली. दुसरं विकर सोडियमचे कण पेशीबाहेर ढकलतं. ते परत येताना पाणचक्कीसारखं चाक फिरतं आणि एटीपी तयार होतं.

पण थोडक्यावर जगणाऱ्याची वाढही सावकाश. आतड्यातले काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. यांतल्या काहींना दिवस लागतात. म्हणूनच शेजारच्या टाकीतली मळी बादल्यांनी आणून ओतली, तरी आमची ज्योत परतायला महिना गेला. तो महिना अम्मा पुन्हा धुरात बसली. मला एका शब्दानं बोलली नाही.

आज झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानानं आपल्या जिल्ह्यात गावोगाव गोबरगॅस उभे केले आहेत. तुमच्या दारात असेल, तर फिनेलचं, साबणाचं पाणी त्यात सोडू नका. त्या बिऱ्हाडकरूंच्या तुटपुंज्या मिळकतीवर कुणाच्या तरी घरी पहाटेचा चहा उकळतो आहे.