होतकरू फलंदाजाची पारख

अमेरिकेंतील बेसबॉलच्या कनिष्ठ संघांतला फलंदाज नुसत्या सरासरीवरून ओळखूं येत नाहीं. टोलविलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातीं जातो कीं मोकळ्या जागीं पडतो, हें बरेंचसें दैवाधीन असतें. होमरन, चार वाईट चेंडू सोडून मिळणारा ‘वॉक’ आणि तीन स्ट्राइक होऊन बाद होणें, यांत मात्र क्षेत्ररक्षकांचा संबंध क्वचितच येतो. पहिल्यांत बळ दिसतें, दुसऱ्यांत नजर, तिसऱ्यांत उणीव.

२०१६ सालीं स्क्रँटनच्या कनिष्ठ संघांत ॲरन जज ९८ वेळां स्ट्राइकनें बाद झाला. परंतु त्याचे होमरन १९ व वॉक ४७ होते. त्याच वर्षीं वरिष्ठ यांकीज संघांत तो ८४ खेपांपैकीं ४२ खेपांस तसाच बाद झाला. तेवढ्यावरच निकाल दिला असता तर? २०१७ सालीं स्ट्राइकचे बळी २०८ झाले. पण होमरन ५२ आणि वॉक १२७! उणीव गेली नाहीं. बळानें व नजरेनें ती भरून काढली.